पाणी किती तापले आहे? लेक ऑफ द वूड्सवरील उन्हाळी मस्की आणि क्रॅपी

वायव्य ऑन्टारियोतील एखाद्या फिशिंग कॅम्पच्या मालकाला जुलै महिन्यात ‘सध्या मासे कसे लागत आहेत’ असे विचारले, की उत्तर बहुधा एका दमात मिळते. पाणी ७२ अंशांवर आहे, पातळी फूटभर उतरली आहे, कॅबेज चांगली वर आली आहे, वारा सुटला तर मस्की हलतो आणि क्रॅपी दिवस कलल्यावर लागतो. नेहमी जाणाऱ्याला एवढ्यावरून आठवड्याचा बेत आखता येतो. विनिपेग, मिनिॲपोलिस किंवा टोरंटोहून पहिल्यांदाच कुटुंबासह कॅम्पवर निघालेल्या मराठी माणसाला मात्र यातला शब्दन् शब्द कळूनही एकूण अर्थ लागत नाही. तापमानाचा माशाशी नेमका संबंध काय, पातळी उतरल्याने काय बिघडते आणि पाण्यातल्या गवताची एवढी चौकशी कशासाठी, हे समजले तर गळ टाकण्यातला आनंद दुप्पट होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या हातून माशाचे नाहक नुकसान होत नाही.

लेक ऑफ द वूड्स हे सरोवर ऑन्टारियो, मॅनिटोबा आणि अमेरिकेतील मिनेसोटा अशा तीन प्रदेशांत पसरलेले आहे. त्यात चौदा हजारांहून अधिक बेटे आहेत आणि सरोवराचा विस्तार चार हजार चौरस किलोमीटरांपेक्षा मोठा आहे. दक्षिणेकडून रेनी नदी त्यात येऊन मिळते, तर उत्तरेला केनोरा शहरापाशी पाणी बाहेर पडून विनिपेग नदीवाटे पुढे हडसन उपसागराकडे जाते. विनिपेगहून केनोरा सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. तेथपर्यंत उत्तम रस्ता आहे. पण बेटांवरच्या कित्येक कॅम्पना रस्ताच नाही आणि तेथे होडीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. नकाशात एकच निळा डाग दिसत असला, तरी प्रत्यक्षात ही दोन वेगळ्या स्वभावांची सरोवरे आहेत असे मानावे. दक्षिणेचा मोकळा भाग म्हणजे हिमयुगानंतरच्या अगासिझ या प्रचंड सरोवराचा अवशेष असून तो उथळ, गाळाचा आणि गढूळ आहे. उत्तरेचा भाग कॅनेडियन शील्डच्या प्राचीन कठीण खडकावर वसलेला, खोल, बेटांनी भरलेला आणि बराच स्वच्छ आहे. म्हणून कोणी ‘लेक ऑफ द वूड्सवर पाणी असे आहे’ असे सांगितले, तर पहिला प्रश्न ‘कोणत्या भागात?’ हाच असला पाहिजे.

आपल्या विषयातले दोन मासे एकमेकांपेक्षा इतके वेगळे आहेत की एकाच सहलीत दोघांचा नाद करणारा माणूस जणू दोन निरनिराळे छंद जोपासत असतो. मस्की हा पाइक कुळातला सर्वांत मोठा शिकारी मासा आहे. चार फुटांचा मस्की येथे दुर्मीळ नाही आणि पन्नास इंचांच्या पुढचा मासा अनेकांच्या आयुष्यात एकदाच येतो. ऑन्टारियोत गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या मस्कीची अधिकृत नोंद ६५ पौंडांची असून तो १९८८ साली जॉर्जियन बे येथे लागला होता. क्रॅपी हा तळहाताएवढा ते फूटभर लांबीचा, चपटा, काळ्या ठिपक्यांचा, थव्याने राहणारा आणि खाण्यास अत्यंत रुचकर मासा आहे. मस्कीसाठी ऐंशी ते शंभर पौंड ताकदीची विणलेली दोरी आणि तारेचा किंवा जाड फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी व आमिष यांच्यामधला दातांनी न तुटणारा तुकडा, लागतो. क्रॅपीला चार पौंडांची नाजूक दोरी आणि दोन ग्रॅमांच्या आसपास वजनाची जिग, म्हणजे वजन जोडलेला छोटा गळ, पुरेशी असते.

मासा शीतरक्ताचा असतो, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढेच राहते. पाणी तापू लागले की त्याचे पचन आणि हालचाल वेगाने होऊ लागते, भूक वाढते आणि प्राणवायूची गरजही वाढते. अडचण अशी की पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो, आणि उन्हाळी मासेमारीतील जवळजवळ प्रत्येक निरीक्षणाच्या मुळाशी ही ओढाताण असते. येथे अजूनही सर्रास फॅरनहाइट बोलले जात असल्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ७२ म्हणजे सुमारे २२ सेल्सियस आणि ८० म्हणजे जवळजवळ २७. बहुतेक वर्षी जूनअखेरीस पृष्ठभागाचे पाणी अठरा-वीस अंशांपर्यंत येते आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते एकवीस ते पंचवीसच्या दरम्यान राहते.

होडीवरचे यंत्र दाखवते ते तापमान फक्त वरच्या पाण्याचे असते. वैशाखात गावच्या विहिरीत पोहताना वरचे पाणी कोमट आणि पाय खाली सोडले की एकदम गार लागते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना पुढचे सांगण्याची फारशी गरज नाही. उन्हाने तापलेले पाणी हलके असते, म्हणून ते वर तरंगत राहते. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे थंड पाणी तळाशी बसते. या दोहोंच्या मध्ये काही फूट जाडीचा असा थर तयार होतो की त्यात तापमान झपाट्याने घसरते, आणि त्यालाच थर्मोक्लाइन म्हणतात. शील्डवरच्या खोल भागांत भर उन्हाळ्यात तो साधारण सहा ते दहा मीटरांवर सापडतो. दक्षिणेच्या उथळ भागात वारा पाणी तळापर्यंत घुसळून काढत असल्याने तो टिकतच नाही. वरच्या पाण्याला वाऱ्यामुळे हवा मिळत राहते, पण थर्मोक्लाइनखालचे पाणी शरद ऋतूपर्यंत कोंडलेले असते. ज्या लहान, सुपीक उपसागरांत, म्हणजे सरोवराच्या किनाऱ्यात आत शिरलेल्या भागांत, कुजणारी वनस्पती भरपूर असते, तेथे खालचा प्राणवायू ऑगस्टपर्यंत संपत येतो. खाली थंडावा असतो पण श्वास घेता येत नाही, म्हणून मासे त्या थराच्या वरच राहतात. सोनार यंत्राची संवेदनशीलता वाढवली तर पडद्यावर या थराची अंधुक आडवी रेघ दिसते, कारण पाण्याची घनता तेथे बदलते आणि सूक्ष्म प्राणीही तेथेच गोळा होतात. ती रेघ पंचवीस फुटांवर दिसत असताना चाळीस फुटांवर जिग सोडण्यात काही अर्थ नसतो.

मस्की वसंतात, बर्फ वितळल्यावर, उथळ उपसागरांत अंडी घालतो. ऑन्टारियोच्या या विभागात त्याचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, आणि उशिरा उघडण्याचे कारण त्याला अंडी घालून सावरायला वेळ मिळावा हेच आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत तो अजून त्याच उपसागरांच्या तोंडाशी, नव्याने उगवणाऱ्या गवताजवळ असतो. जुलैच्या मध्यापर्यंत तो पसरतो. काही मासे गवताच्या कडेला, काही पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यांवर, तर काही थेट खोल पाण्यावर अधांतरी राहतात, कारण तेथे सिस्को नावाच्या चरबीयुक्त, थंड पाणी आवडणाऱ्या माशांचे थवे असतात. कॅम्पवर जी कॅबेज म्हणतात, ती आपली भाजी नव्हे. रुंद, तांबूस-हिरव्या पानांची ती पाणवनस्पती आठ-दहा फूट पाण्यातून पृष्ठभागापर्यंत वाढते. तिच्या दांड्यांमध्ये मोकळी जागा असल्याने मोठ्या माशाला आत उभे राहता येते, सावली मिळते आणि लहान मासेही तेथेच लपतात. हिरवीगार, ताठ कॅबेज मिळाली तर थांबावे, आणि पिवळी पडून आडवी झालेली असेल तर पुढे जावे. या सरोवराच्या काही भागांत बाहेरून आलेल्या रस्टी क्रेफिशने, म्हणजे लांबट नांग्यांच्या, झिंग्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याने, गवताचे दांडे कुरतडून पूर्वीची उत्तम कुरणे उजाड केली आहेत. त्यामुळे जुन्या नकाशावरची खूण आजही खरी असेलच असे नाही.

मस्कीची एक सवय अशी आहे की ती पाहिल्यावर माणूस या माशाच्या कायमचा नादी लागतो. तो आमिषाच्या मागे शांतपणे येतो आणि तोंड लावत नाही. तपकिरी पाण्यातून आधी एक लांब सावली वर येते, मग तिचे डोके आमिषापासून वीतभर अंतरावर स्थिर होते, मागे पर आणि शेपटी अगदी संथ हलत असते, आणि होडी तीन फुटांवर आली तरी तो घाबरत नाही. अशा वेळी आमिष पाण्याबाहेर काढू नये. गळाच्या दांड्याचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मोठी, गोल वळणे घ्यावीत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला वेग किंचित वाढवावा आणि आमिष थोडे वर-खाली करावे. उन्हाळ्यात पाणी गरम असल्याने मासा चपळ असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये लागणारे बरेच मस्की अशा वळणावरच लागतात. प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो अथवा न दिसो, ही वळणे घेण्याची शिस्त ज्याला पाळता येत नाही त्याने मस्कीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पातळीचा मुद्दा पाऊस आणि धरणे यांच्याशी निगडित आहे. केनोरा येथील बांधांतून किती पाणी सोडायचे, हे १९२५ च्या कॅनडा-अमेरिका कराराच्या चौकटीत एक नियंत्रण मंडळ ठरवते. तरीही निसर्ग अनेकदा त्याच्या पुढे जातो. २०२१ च्या उन्हाळ्यात येथे कोरड आणि वणव्यांचा धूर होता, तर पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, महापुराने कॅम्पचे धक्के पाण्याखाली गेले. पाणी फार चढले की किनाऱ्यावरची झुडपे बुडतात, मासे त्यांत शिरून विखुरतात, आणि गढूळपणामुळे तळापर्यंत उजेड न पोहोचल्याने कॅबेज उशिरा येते. पाणी उतरले की मासे कमी जागांत एकवटतात, परंतु एरवी दोन फूट पाण्याखाली असणारे खडक आता होडीच्या इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांना लागतात. कॅम्पचालक अशा खडकांवर बहुतेक वेळा रंगवलेली प्लास्टिकची कॅन तरंगत ठेवतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्यासोबत बसून नकाशावर या जागा टिपून घ्याव्यात.

हवेच्या दाबाबद्दल कॅम्पवर फार बोलले जाते. वादळ येण्यापूर्वी दाब उतरतो तेव्हा मस्की आक्रमक होतो, आणि वादळ सरून निळेभोर आकाश, चढता दाब व थंड उत्तरी वारा आला की दोन दिवस काहीच लागत नाही, हे निरीक्षण इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत केलेले आहे की ते सहज नाकारता येत नाही. मात्र त्याचे कारण दाबच असेल का, याबद्दल मला शंका आहे. हवामान बदलताना दाबात पंधरा-वीस मिलिबारचा फरक पडतो. पाण्यात केवळ वीस सेंटिमीटर खाली गेले तरी दाब तेवढाच बदलतो, आणि मासा तर दिवसभर कित्येक फूट वर-खाली करीत असतो. उजेड हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. ढगांमुळे आणि लाटांमुळे पाण्यात शिरणारा प्रकाश कमी होतो, शिकारी माशाला लपून जवळ जाता येते. वारा तर आणखी एक काम करतो. तो तरंगते सूक्ष्म जीव एका किनाऱ्याकडे लोटतो, त्यांच्यामागे लहान मासे जातात आणि लहान माशांच्या मागे मोठे. म्हणून ज्या टोकावर वारा आपटत असतो, ते टोक होडी सांभाळायला त्रासदायक असले तरी आधी तपासावे.

चंद्राविषयीही असाच विश्वास आहे, आणि त्याची थोडी पडताळणी झालेली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मस्की पकडणाऱ्यांच्या संघटनेकडील तीन लाखांहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. त्यात पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास पकड वाढल्याचे आढळले, पण ही वाढ पाच टक्क्यांच्या आसपासच होती. एवढ्याशा फरकासाठी कोणी सुटीच्या तारखा बदलू नयेत. मात्र चंद्र उगवण्याच्या वेळेस आपण पाण्यावरच असलो तर चांगल्या जागी असावे, हे बरे.

आता क्रॅपी. जूनमध्ये अंडी घालून झाल्यावर तो लव्हाळ्यांच्या उथळ पाण्यातून बाहेर पडतो आणि जुलैत कॅबेजच्या खोल कडेला, आठ ते बारा फुटांच्या आसपास, थव्याने राहू लागतो. ऑगस्टमध्ये यांतले बरेच थवे उपसागराच्या मधल्या खोलगट भागात जातात आणि थर्मोक्लाइनच्या वर, तळ आणि पृष्ठभाग यांच्या मध्येच कुठेतरी तरंगत राहतात. त्याचे डोळे मोठे असतात आणि अंधूक उजेडात त्याला इतर लहान माशांपेक्षा चांगले दिसते. म्हणून दुपारभर मख्ख असलेला थवा सूर्यास्ताच्या आधीच्या तासाभरात एकाएकी जागा होतो. जूनअखेरीस या अक्षांशावर दिवस सोळा तासांहून मोठा असतो आणि अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळे मुलांना घेऊन गेलेल्यांनी जेवण आधी उरकून मग होडीत बसणे सोयीचे. क्रॅपी खालून वर पाहून खातो. त्यामुळे जिग थव्याच्या खाली गेली की ती वायाच जाते, आणि ती त्यांच्या फूटभर वर, जवळजवळ स्थिर, धरावी लागते. बोंडाच्या आकाराचे छोटे तरंगते बूच आणि त्याखाली नेमक्या खोलीवर टांगलेली जिग हा उपाय सोपा आणि लहान मुलांनाही जमणारा आहे.

मासा लागल्यावर झटका देऊ नये. क्रॅपीच्या ओठांभोवतीची त्वचा कागदाइतकी पातळ असते. मासा हातात घेऊन त्याचे तोंड उजेडाकडे उघडले तर त्या पडद्यातून पलीकडचे आकाश दिसते. जोर केला की गळ तो पडदा फाडून निसटतो. दांडा नुसता उचलायचा, दोरी ताठ ठेवायची आणि शेवटी जाळी लावायची. खाण्यापुरते मासे ठेवावेत आणि ते लगेच बर्फावर घालावेत. गरम पाण्याच्या बादलीत मेलेल्या क्रॅपीचे मांस तासाभरात मऊ पडते. खोल पाण्यातून वर ओढलेला मासा सोडून देणेही नेहमी शहाणपणाचे नसते. पंचवीस-तीस फुटांच्या खालून आणल्यावर त्याची हवेची पिशवी फुगते आणि तो पुन्हा खाली जाऊ शकत नाही. म्हणून खोलीवरचा थवा सापडला, तर हवे तेवढे धरून तेथून निघावे आणि सोडून देण्यासाठी धरत बसू नये.

मस्कीचे मात्र उलट आहे, तो जवळजवळ नेहमी सोडून द्यायचाच असतो. सरोवराच्या ऑन्टारियोकडील भागात ५४ इंचांपेक्षा कमी लांबीचा मस्की ठेवता येत नाही, आणि स्वस्तातला संवर्धन परवाना घेतला असेल तर एकही ठेवता येत नाही. मिनेसोटा आणि मॅनिटोबाचे नियम स्वतंत्र आहेत आणि सीमा पाण्यातूनच जाते, हे विसरू नये. एवढ्या लांबीचा मासा साधारणतः मादी असते आणि तिला वाढायला दीड-दोन दशके लागलेली असतात. मस्की आणि पाइक यांतला फरकही शिकून घ्यावा. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात, तर मस्कीच्या फिकट अंगावर गडद खुणा किंवा पट्टे. शिवाय जबड्याखाली प्रत्येक बाजूला सहा ते नऊ बारीक छिद्रे दिसली तर तो मस्की, पाच किंवा कमी असतील तर पाइक.

गरम पाण्यात झुंज देताना माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते. ते निचरण्यासाठी जितका प्राणवायू लागतो तितका पाण्यात नसला, तर मासा पोहत निघून गेलेला दिसूनही काही तासांनी मरू शकतो. म्हणूनच पृष्ठभागाचे तापमान २६-२७ अंशांवर गेले की जबाबदार मंडळी मस्कीची मासेमारी थांबवतात. मला हा नियम परवान्यावर छापलेल्या कोणत्याही नियमाइतकाच बंधनकारक वाटतो. त्या दिवसांत सकाळी लवकरही पाणी फारसे निवत नाही, तेव्हा ‘पहाटे चालेल’ ही सबब धरू नये. क्रॅपी किंवा वॉलाय हा येथला दुसरा मासा पकडावा, पोहावे, किंवा बेटांवरच्या ब्लूबेरी वेचाव्यात.

पाणी योग्य असतानाही घाई आणि तयारी लागते. मोठे, रबराचा थर दिलेले जाळे, लांब पक्कड आणि गळ कापण्याची मजबूत कात्री होडीत हाताशी असल्याशिवाय पहिली फेक करू नये. मासा जाळ्यात आला की जाळे पाण्यातच ठेवावे, कारण तेथे तो श्वास घेत राहतो. गळ खोल रुतला असेल तर ओढाताण न करता कापून टाकावा, गळापेक्षा मासा महाग आहे. छायाचित्र हवे असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवावा, मग एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली आणि दुसरा पोटाखाली देऊन मासा आडवा उचलावा आणि काही सेकंदांत परत पाण्यात न्यावा. उभा टांगलेल्या जड माशाचा जबडा आणि आतले अवयव दुखावतात. सोडताना शेपटीचे मूळ हलकेच धरून त्याला सरळ ठेवावे आणि तो स्वतःहून जोर करून सुटेपर्यंत वाट पाहावी.

दूरच्या कॅम्पवर मदत लांब असते, त्यामुळे वीज चमकू लागली की ग्रॅफाइटचे दांडे खाली ठेवून किनारा गाठावा आणि दक्षिणेचे मोकळे पाणी ओलांडण्याचा बेत वारा पाहूनच करावा. ऑगस्टमध्ये दक्षिण भागात निळे-हिरवे शैवाल दाटले असेल तर त्या पाण्यात मुलांना किंवा कुत्र्यांना उतरू देऊ नये. जिवंत आमिष-मासे आणि जळवा ऑन्टारियोबाहेरून आणण्यास बंदी आहे. ते तेथेच विकत घ्यावेत.

ऑगस्ट सरता सरता रात्री थंड होऊ लागतात, वरचे पाणी निवते, जड होते आणि खाली उतरू लागते. सप्टेंबरात वरचे आणि खालचे तापमान जवळजवळ एक होते, थर्मोक्लाइन मोडते आणि वाऱ्याने सरोवर तळापर्यंत घुसळले जाते. त्या आठवड्यांत कॅबेज मरू लागते, मस्की खडकांच्या कडांकडे सरकतो आणि क्रॅपीचे थवे खोलगट भागात घट्ट जमू लागतात. कॅम्पच्या फलकावर ७२ च्या जागी ६० आले, की उन्हाळ्याच्या जागांची वही बाजूला ठेवून शरदाची उघडावी लागते.